उच्चार दोन्ही कानांत तेच

तोंड झाकून बोलणं हा माझ्या कामाचा भाग होता. समोरच्याला किती ऐकू येतं हे तपासायचं असेल, तर त्याला आपले ओठ दिसून चालत नाही. कानाने अधू झालेली माणसं नकळत ओठ वाचायला शिकतात आणि स्वतःलाही त्याचा पत्ता लागू देत नाहीत. म्हणून तोंडासमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा आणि त्यामागून शब्द म्हणायचे. पुण्यात मी हे कित्येक वर्षं केलं. "आंबा, पाटी, दिवा" म्हणताना मनात कधी दुसरा विचार आला नाही. ख्राइस्टचर्चला आल्यावर मात्र त्याच पुठ्ठ्यामागे माझ्या तळहातांना घाम सुटायला लागला.

गेल्या हिवाळ्यात मी निवृत्त झाले. ऑडिओलॉजिस्ट म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोक म्हणतात, "म्हणजे कानाची मशिनं विकायचीस ना?" मशिन सगळ्यात शेवटी येतं. आधी तपासणी. पेशंटला एका आवाजबंद खोलीत बसवायचं. दार जाड, जुन्या फ्रिजसारखं चपकन लागणारं. मध्ये काच. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टीसारखे सूर एकेक करून सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग शब्दांचा. छोटे छोटे शब्द ऐकवायचे आणि पेशंटने जसे ऐकू आले तसे परत म्हणायचे. कारण सूर ऐकू येणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. पुष्कळांना बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. घराघरांतली निम्मी भांडणं यातूनच होतात.

न्यूझीलंडमध्ये हे शब्द रेकॉर्ड केलेले असतात, इथल्याच माणसाच्या आवाजात. त्यामुळे माझ्या उच्चारांचा प्रश्न यायला नको, असं मला वाटलं होतं. पण पेशंट जे परत म्हणतो ते मला बरोबर ऐकू यायला हवं ना! इथली माणसं 'पेन' म्हणाली की मला 'पिन' ऐकू यायचं. 'फिश'चं 'फश' व्हायचं. कोणी 'टेन' म्हणालं तर मी 'टिन' ऐकून चुकीची खूण करायची आणि मग काचेपलीकडचा चेहरा बघून शंका यायची, की कान त्यांचा कमी आहे की माझा?

आम्ही आधी ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात दिराकडे राहिलो होतो. तिथे शेजारी आपले, वाणसामान आपलं. दुकानात बोलताना शब्द जुळवावे लागत नव्हते. मग मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, ख्राइस्टचर्चमध्ये काम मिळालं. तो स्ट्रक्चरल इंजिनियर, आणि भूकंपानंतर या शहराला इंजिनियरांची गरज होती. म्हणून आम्ही दक्षिणेला आलो. हे शहर स्वतःला फार जुनं समजतं. दगडी शाळा, नदीत सपाट होड्या, बागांमध्ये ओकची झाडं. दोन स्थानिक माणसं भेटली की आधी एकमेकांना शाळा कुठली ते विचारतात. मला शाळा कोणी विचारायचं नाही. मला विचारायचे, "कुठून आलीस?" मी राहत्या उपनगराचं नाव सांगायची. "नाही गं, मूळची?"

यात राग येण्यासारखं काही नसायचं. विचारणारा हसत असायचा. पण दिवसभरात हे कितीतरी वेळा व्हायचं, आणि प्रत्येक वेळी मी उत्तर आधी मनात जुळवून घ्यायची.

आमचं क्लिनिक छोटं होतं. मालक ग्रॅहम. पन्नाशीचा, उंच, लाजाळू, थोडं काही झालं की मानेपर्यंत लाल होणारा. बाहेर शिकून आलेल्यांना सुरुवातीचे काही महिने कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं. माझी देखरेख त्याच्याकडे होती. त्याने चांगला अभिप्राय दिला तरच मी पक्की. रिसेप्शनला जॅकी. मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "शैलजा कसं म्हणायचं? शेल चालेल?" मी लगेच "चालेल, चालेल" म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते. ती जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाताखाता मला शब्द म्हणून दाखवायची. "पेन. पिन. पॅन. आता सांग, कुठला कुठला?" मी सांगायची. ती हसून टेबलावर डोकं ठेवायची.

चूक नेहमी दुसऱ्यांचीच असायची असं मात्र नाही. एकदा एक माओरी आजी मुलाबरोबर आल्या. मी नमस्कार-चमत्कार करून, "किया ओरा" वगैरे म्हणून, सरळ त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि केस नीट करायला वरून हात फिरवला. आपल्याकडे आपण कोणाच्याही आजीला असंच करू. आजी काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र एकदम ताठ झाला. नंतर जॅकीने मला बाजूला घेतलं. "शेल, त्यांच्यात डोकं पवित्र मानतात. विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो." मी कानकोंडी झाले. बाहेर जाऊन त्या मायलेकांची माफी मागितली. आजींनी माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "आता ठाऊक झालं ना, बाळ." त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायची, "तुमच्या डोक्याला हात लावू का?" काही जण विचित्र बघायचे. पण मी विचारायची. आपण कुठे चुकतोय हे आपल्याला कळतच नाहीये, ही भीती मला तेव्हा चोवीस तास असायची.

अशात मिस्टर टेनंट आले.

रॉस टेनंट. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून त्यांना कधी 'रॉस' निघालं नाही. पंचाहत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर मेंढ्यांच्या बाजारात लिलाव पुकारायचं काम केलेलं. आवाज असा की आत आले की खुर्च्या जरा सरकल्यासारख्या वाटाव्यात. बायकोने, बेव्हरलीने, बळजबरीने पाठवलं होतं. ती बाहेर बसली. ते आत आले, मला बघितलं, आणि दाराकडे बघितलं. जणू माझ्यामागून अजून कोणीतरी यायचं होतं.

"तूच का?" ते म्हणाले.

"मीच."

"बरं."

मी डोक्याला हात लावू का, विचारलं. "लाव, चावत नाही ते," असं म्हणून ते हसले. मला जरा हायसं वाटलं.

सुरांची तपासणी झाली. वयाप्रमाणे दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं, डाव्याला थोडं अधिक कमी. आता शब्द. नेमकं त्या दिवशी रेकॉर्डिंग सुरूच होईना. ग्रॅहम दुसऱ्या पेशंटबरोबर होता. अशा वेळी तपासणाऱ्याने स्वतः शब्द वाचले तरी चालतात, फार चांगलं नव्हे, पण चालतात. मी पुठ्ठा उचलला, मायक्रोफोन पुढे घेतला. आधी चांगला कान घ्यायचा असतो. उजवा. त्यांनी बरेच शब्द बरोबर म्हटले. दोन-चार ठिकाणी कपाळाला आठ्या पडल्या. मग डावा.

मी शब्द म्हटला. ते गप्प. दुसरा म्हटला. गप्प. आवाज वाढवला. तिसऱ्याला त्यांनी काहीतरी भलतंच म्हटलं. चौथ्याला हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि काचेतून माझ्याकडे बघत बोलायला लागले. खोली आवाजबंद होती, पण माझ्या बाजूचा स्पीकर चालू होता.

"या बाईचं एक अक्षर कळत नाही. इंग्रजी बोलणारं कोणी आहे का इथे?"

मग दार उघडलं आणि तेच वाक्य बाहेरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मी पुठ्ठा तसाच तोंडासमोर धरून बसले होते. बेव्हरली उठली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "रॉस!" ती म्हणाली, "अरे देवा, रॉस!" जॅकी काउंटरमागून बाहेर आली आणि स्पष्ट म्हणाली, "इथे आम्ही असं बोलू देत नाही." ते म्हणाले, "मी काय वाईट बोललो? कळलं नाही ते सांगितलं." आणि निघून गेले. बेव्हरली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मग तीही त्यांच्या मागे धावली.

पुढचा तास मला त्या वाक्यापेक्षा जड गेला. ग्रॅहम लाल होऊन माझ्यासमोर बसला. जॅकीने चहा आणला आणि सोबत गोड केकचे तुकडे. वेटिंग रूममधल्या एका अनोळखी बाईने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आम्ही सगळे तसे नाही हं." सगळे इतके हळुवार झाले होते, की मला वाटलं माझ्या घरी कोणी गेलंय.

"त्यांना पत्र पाठवू," ग्रॅहम म्हणाला. "असं वागणं आम्ही खपवून घेत नाही, तुम्ही दुसरीकडे जावं, असं. आम्ही तुझ्या बाजूने आहोत, शैलजा."

मी मान हलवली. थँक्यू म्हणाले. खरं तर मला एवढंच हवं होतं की सगळ्यांनी माझ्याकडे बघणं थांबवावं. आणि आत एक वेगळीच भीती होती, ती कोणाला सांगायची सोय नव्हती. ते म्हातारे खरं बोलत असतील तर? माझे उच्चार त्यांना खरंच कळले नसतील तर? मग हा पोटावर पाय आलाच म्हणायचा. इथल्या निम्म्या पेशंटना मी कळतच नसेन, आणि ते फक्त सभ्य आहेत म्हणून बोलत नसतील.

संध्याकाळी घरी मी कणीक मळत होते. मिलिंदला सगळं सांगितलं. तो चिडला. आमची मुलगी इरा सोफ्यावरून म्हणाली, "आई, दॅट्स सो रेसिस्ट." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी "हो गं" म्हणाले आणि मळत राहिले. आणि मळतामळता हात थांबले.

उच्चार माझेच होते. उजव्या कानालाही आणि डाव्यालाही. तीच बाई, तेच तोंड, तोच पुठ्ठा. मग उजव्या कानाला बरंच कळलं आणि डाव्याला काहीच कसं कळलं नाही?

यातलं गांभीर्य जरा सांगायला हवं. दोन्ही कानांना सूर साधारण सारखे ऐकू येतात, पण एका कानाला शब्द अजिबात कळत नाहीत, असं असेल तर दोष कानात नसून कानामागच्या नसेत असू शकतो. कधी कधी त्या नसेवर गाठ असते. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते, हळू वाढते, पण मेंदूच्या अगदी शेजारी वाढते. अशा पेशंटला डोक्याच्या स्कॅनसाठी पाठवायचं, हे आमच्या कामातलं पहिलं पथ्य. पण माझी तपासणी अर्धीच झाली होती. ते खरंच ऐकू न आल्याने गप्प राहिले की माझ्यावरच्या रागाने, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि ते घरी काय समजून गेले होते? की कान ठीक आहेत, बाईचं इंग्रजी वाईट आहे. दुखण्याकडे न बघायला त्यांना कारण हवं होतं. ते कारण मी झाले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमला सांगितलं. तो म्हणाला, "पत्र गेलंय. ते दुसरीकडे जातील, तिथे कळेल." मी म्हटलं, "ते कुठेच जाणार नाहीत." तो म्हणाला, "शैलजा, तुला हे करायची गरज नाही." फार मायेने म्हणाला. मला कळलं की त्याला वाटतंय, मी स्वतःचं खरं करायला बघतेय. कदाचित थोडं तसं होतंही. मी पुढच्या पेशंटची फाइल उचलली.

काही दिवस तशीच वावरले. पेशंट बघायची, खुणा करायची, आणि मधेच तो डावा कान आठवायचा. वायव्येकडून गरम वारा सुटला होता, जो इथल्या लोकांना चिडचिडं करतो म्हणतात. मला त्याने काय केलं माहीत नाही, पण एका दुपारी जॅकी दुकानात दूध आणायला गेली असताना मी फोन उचलला.

विचार करा. एका बहिऱ्या माणसाला फोन, आणि तोही त्याला जिचं बोलणं कळत नाही अशा बाईने. रिंग वाजत होती तेव्हा मी ठेवून देणारच होते. पण उचलला बेव्हरलीने. मी नाव सांगितलं मात्र, ती माफी मागायला लागली. रॉस मनाने तसा नाही. आमचे डॉक्टर श्रीलंकेचे आहेत, फार छान आहेत. नातीची मैत्रीण पंजाबी आहे, घरी येते. आम्हाला करी आवडते. तिला थांबता येत नव्हतं आणि मला थांबवता येत नव्हतं. शेवटी मी मधेच विचारलं, "मिसेस टेनंट, ते फोन कुठल्या कानाला लावतात?"

ती थबकली. "उजव्या. हल्ली उजव्याच. पूर्वी डाव्याला लावायचे. उजव्या हातात पेन लागायचं ना, कामामुळे."

"चालताना तोल जातो का?"

मग हळू आवाजात, "शेडच्या पायऱ्यांवर पडले मागच्या महिन्यात. गुडघा म्हणतात. दाराच्या चौकटीला आपटतात. हे कशाबद्दल आहे?"

मी म्हटलं, तपासणी पूर्ण करायला हवी. माझ्याकडेच नको, कोणाकडेही. पण लवकर.

"त्यांनी तुमचं पत्र फ्रिजवर लावून ठेवलंय," बेव्हरली म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना दारातून परत पाठवलंय. आता ते कुठल्याच कानवाल्याकडे पाऊल टाकणार नाहीत, बाई. मी ओळखते ना त्यांना."

म्हणजे माझ्या बाजूने लिहिलेलं पत्रच आता मधे आलं होतं.

मी परत ग्रॅहमच्या खोलीत गेले. ज्याच्या एका अभिप्रायावर माझं इथलं सगळं अवलंबून होतं, त्याला मी सांगणार होते की तुझं चुकलं. तोल जातो, फोनचा कान बदललाय, हे सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. "पण पत्र मागे कसं घ्यायचं? हा तत्त्वाचा प्रश्न आहे. स्टाफशी कसंही वागलेलं चालतं, असं त्यांना वाटेल."

"ग्रॅहम," मी म्हटलं, "पत्र माझ्याबद्दल होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं."

तो मानेपर्यंत लाल झाला. मला वाटलं, संपलं. मिलिंदला काय सांगायचं, ऑकलंडला परत जायचं का, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मग तो म्हणाला, "नाही विचारलं. खरं आहे." आणि त्याने फोन ओढला. उजव्या कानाशीच बोलायचं असल्याने सावकाश, मोठ्याने बोलला. माफी मागितली नाही, समजावलंही नाही. एवढंच म्हणाला, "रॉस, आमची तपासणी अर्धी राहिलीय. मी स्वतः करतो. ये."

ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात हॅट. मला बघून थांबले. जॅकी काउंटरमागून बघत होती. बेव्हरली नवऱ्याची बाही धरून. मी घरून वाक्य पाठ करून आले होते, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाले, "मिस्टर टेनंट, माझे उच्चार तुम्हाला कळले नसतील, हे अगदी शक्य आहे. पण दोन्ही कानांत उच्चार तेच होते."

त्यांनी ते ऐकलं. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले, लिलावात समोरचा खरी बोली लावतोय की उगाच, हे बघावं तसं.

"हं," ते म्हणाले. "ते बरोबर आहे."

ग्रॅहम यंत्राशी बसला. मी शेजारी. दोघांनी आपापल्या खुणा करायच्या, असं ठरलं. या वेळी रेकॉर्डिंग चालू होतं. उजवा कान झाला. ग्रॅहमने माझ्या खुणा बघितल्या, आणि तीन-चार शब्दांवर बोट ठेवलं. "हे त्यांनी बरोबर म्हटलंय. हे 'बेड'च होतं." मला 'बिड' ऐकू आलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशीही त्यांचे काही बरोबर शब्द मी चूक धरले असणार. मी मान डोलावली. कान माझे गरम झाले.

मग डावा. सूर ऐकू येत होते, बटण दाबलं जात होतं. मग शब्द सुरू झाले. मिस्टर टेनंट वाकून ऐकायला लागले. पहिला शब्द गेला. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ग्रॅहमने आवाज वाढवला. चौथा. पाचवा. ते वैतागले आणि काचेवर टकटक केली.

"हा कोण आणलाय?" ते स्पीकरमधून म्हणाले. "हा तर तिच्यापेक्षा वाईट आहे. हा पण तिकडचाच का?"

ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं. मग आवाज उजव्या कानाकडे वळवून मायक्रोफोनवर वाकला. "रॉस," तो म्हणाला, "रेकॉर्डिंगमधला तो माणूस टिमरूचा आहे."

टिमरू म्हणजे दक्षिणेला गाडीने दोन तासांवरचं गाव. त्यांच्या लिलावाच्या दौऱ्यांमधलंच.

काचेपलीकडे ते एकदम स्थिर झाले. हेडफोनवर हात गेला, डावी बाजू चाचपली, जणू तिथे काही अडकलंय का बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसांना वाईट बातमी सांगितली, पण सांगायच्या आत ती एखाद्याच्या चेहऱ्यावर पोचलेली मी फार थोड्या वेळा बघितली. त्यात जिंकल्यासारखं काही नव्हतं. त्या क्षणी मला फार मनापासून वाटलं, की दोष माझ्या इंग्रजीचाच असता तर किती बरं झालं असतं.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण चांगली वाढलेली. ऑपरेशन झालं. डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तोल मात्र हळूहळू सावरला. पुढच्या उन्हाळ्यात ते शेडच्या पायऱ्या काठीशिवाय उतरत होते, असं बेव्हरलीने सांगितलं. ग्रॅहमने माझा अभिप्राय चांगला लिहिला. त्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. त्या पत्राबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. तो चांगला माणूस होता, आणि त्या दुपारनंतर माझ्याशी बोलताना आधी मनात शब्द तपासून घ्यायचा. मला ते कळायचं.

माझी भीती लगेच गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. नवीन पेशंट आत आला की पहिल्या क्षणी त्याचे डोळे कुठे जातात, दाराकडे की माझ्याकडे, हे मी शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहिले. फक्त आधी जी लाज वाटायची, ती गेली. कोणी "कळलं नाही" म्हणालं तर मी दुसऱ्या कानाला विचारायची.

मिस्टर टेनंटनी माझी माफी कधीच मागितली नाही. ऑपरेशननंतर ते ऐकण्याच्या मशिनसाठी आले. बहिऱ्या बाजूला छोटा मायक्रोफोन बसवतात, तो तिकडचा आवाज बिनतारी चांगल्या कानाकडे पाठवतो. वेटिंग रूम भरलेली होती. ते आत आले, बागेतल्या सिल्व्हरबीटची, म्हणजे इथल्या पालकासारख्या भाजीची, मोठी जुडी काउंटरवर आपटली, आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, "माझी इंडियन आहे का?"

सगळी खोली गोठली. एका बाईने मासिकात डोकं घातलं. जॅकीचं तोंड उघडं राहिलं. ग्रॅहम आतून बाहेर आला आणि मानेपर्यंत लाल. बेव्हरलीने डोळे मिटून घेतले. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आता दुखावले जाते का, हसते का, काय करायचं ते माझ्याकडे बघून ठरवणार होते.

मला एकाच वेळी चीड आली आणि हसू आलं. हे सगळं त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे तेव्हाही शब्द नव्हते, आजही नाहीत. मी म्हटलं, "आहे. आणि तिचं नाव शैलजा आहे. या आत."

"शाय... काय?"

"आत या, सांगते."

मशिन बसवलं. बरोबर बसलंय का हे बघण्याची एक साधी पद्धत आहे. पेशंटच्या मागे, बहिऱ्या बाजूला उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारायचं. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे गेले. पुठ्ठा लागत नव्हता, त्यांना मी दिसतच नव्हते.

"सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?" मी विचारलं.

त्यांनी मान थोडी वळवली. कितीतरी दिवसांनी त्या बाजूने काहीतरी पोचलं होतं.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "कळलं नाही. परत सांग."

मी परत विचारलं. जरा हळू.

"पॉरिज," ते म्हणाले.